माळेगावला गेलेली दोनशे अकरा माणसं

सालेहाचाचीबद्दल लिहायला बसलो की आधी राग येतो. कुणाकुणाचा ते सांगतोच, पण त्या रांगेत मीही उभा आहे आणि माझा नंबर बराच पुढे आहे. आमच्या मंचाच्या पुस्तिकेत तिच्यावर अर्धं पान छापून आलंय, फोटोसकट. ‘तळागाळातली कष्टाळू भगिनी’ असं मथळ्यात म्हटलंय. ते मीच लिहिलं होतं आणि आता ते वाचताना मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. ती तळात नव्हती आणि गाळातही नव्हती. लातूरला जुन्या रेल्वेलाइनीच्या कडेच्या वस्तीत ती राहायची, बांगड्या विकायची, आणि तिला एकच गोष्ट हवी होती. यादीत नाव.

हे यादीचं दुखणं त्र्याण्णव सालचं. ती आणि तिचा नवरा वाजिद, दोघं मणियार, औसा तालुक्यातल्या एका गावात दगडमातीच्या भाड्याच्या घरात राहत होते. भूकंपात घर बसलं आणि वाजिद त्याच्याखाली गेला. चार वर्षांची मुलगी जिक्रा जिवंत निघाली, पण तिचा पाय दारावरच्या तुळईखाली सापडला होता. सालेहाचाची तिला घेऊन सोलापूरच्या दवाखान्यात गेली आणि बेचाळीस दिवस पोरीच्या खाटेपाशी जमिनीवर झोपली. ती परत आली तेव्हा गावाच्या जागी पत्र्याच्या शेडांच्या ओळी होत्या आणि एका शेडवर घर मिळणाऱ्या कुटुंबांची यादी लावलेली होती. यादीच्या शेवटी वगळलेली नावं होती. त्यात तिच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘पाहणीवेळी कुटुंब गैरहजर.’

ती पाहणी करणाऱ्या साहेबाकडे गेली. म्हणाली, “साब, गैरहजर कसं? माझं माणूस तर इथंच मातीत हाय.”

साहेब म्हणाला, यादी वर गेली, आता काही होत नाही. देशभरातून लोक कपडे आणि बिस्किटं घेऊन येत होते, फोटो काढत होते, रडतही होते. एकानंही ती ओळ खोडली नाही. पोरीचा पाय वाचवायला दवाखान्यात बसलेल्या बाईला गैरहजर लिहिणारा हात कुठल्या मातीचा असेल, असं मी पुष्कळ वर्षं मोठ्या तावातावानं लोकांना विचारत असे. आता विचारत नाही.

गावात राहून करायचं काय, हाही प्रश्न होताच. ती सांगायची, “त्या साली आमच्याकडं बांगड्या भरायला हातच उरले न्हवते रे.” हे ती अगदी साध्या आवाजात सांगायची, भाव सांगावा तसं. मग तिनं जिक्राला काखेत मारलं आणि लातूर गाठलं.

मी लातूरला आलो तो दहा वर्षांनी, आणि डॉक्टर व्हायला. माझं नाव वैजनाथ. गाव अहमदपूरकडचं, घरी बऱ्यापैकी शेती. तेव्हा अख्ख्या मराठवाड्यातली पोरं बापाच्या खर्चानं लातूरला येत होती. ट्यूशन एरियात रोज नवीन पाटी लागायची आणि तिच्यावर पोरांचे पासपोर्ट फोटो, प्रत्येकाच्या खाली टक्के. मी परीक्षेला दोनदा बसलो, दोनदा गळपटलो. माझा फोटो कुठल्या पाटीवर लागला नाही. गावी जायची लाज वाटली म्हणून एका संस्थेत चिकटलो आणि डॉक्टर व्हायला आलेला माणूस समन्वयक झाला. लातूरमध्ये अशा समन्वयकांना तोटा नव्हता.

ट्यूशन एरिया पसरत पसरत जुन्या रेल्वेलाइनीपर्यंत आला. वस्तीच्या डोक्यावर चार-चार मजली वसतिगृहं उभी राहिली, कॉट बेसिसवर. त्यांच्यासाठी नवी पाइपलाइन आली आणि ती वस्तीच्या मधोमध गेली, पण वस्तीला सार्वजनिक नळ एकच, तोही दिवसाआड. अकरावीची पोरं गच्चीवर टाकी सांडेपर्यंत भरायची आणि खाली बाया घागरी घेऊन ते सांडतं पाणी बघत उभ्या राहायच्या. वस्तीत सगळे जत्रांमधले धंदेवाले होते. बांगड्यावाले, खेळण्यावाले, पाळणेवाले, जिलेबीवाले. निम्मे मुसलमान, बाकी नाना जातींचे, आणि मतदारयादीत मुश्किलीनं पन्नास.

आमच्या आठ संस्थांनी मिळून एक मंच काढला होता. जनसहभाग समन्वय मंच. ज्यांचा आवाज कुणी ऐकत नाही त्यांना मतदानापर्यंत आणायचं, असं आमचं काम. अध्यक्ष आप्पासाहेब. मोठे बागाईतदार, गावात शाळा, लातुरात दोन वसतिगृहं. माणूस वाईट नव्हता, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो, पगार त्यांच्या सहीनं व्हायचा.

वस्तीत आमचे कार्यकर्ते वर्षभर हिंडले आणि अकरा फॉर्म आणले. बाया दार लावून घ्यायच्या. मग कुणीतरी मला सालेहाचाचीकडे पाठवलं. ती म्हणाली, “फॉर्म इथं ठेव अन् जा. तू दिसला की बाया पळतात.”

तिची पद्धत अशी. बाई बांगड्या भरायला समोर बसली की चाची तिचा हात धरायची, बोटं दाबून एकत्र करायची आणि एकेक बांगडी चढवायला लागायची. दोन-चार मापाच्या हातात दोन-दोनची लहान बांगडी बसवायची तर वेळ लागतो आणि तोवर बाईला हलता येत नाही. हललं तर काच फुटते आणि फुटलेली काच मनगटात जाते. तो पाव तास चाची बोलायची. नळाचं, रेशनचं, शेडवरच्या त्या यादीचं. “कागदावर आपुन न्हाई तर आपुन न्हाईच. माझ्याकडं बघ,” म्हणायची. शेजारी जिक्रा फॉर्म घेऊन बसलेली. ती आता विशीची झाली होती, एक पाय ओढत चालायची आणि अक्षर मोत्यासारखं काढायची.

खरी पंचाईत नवऱ्याच्या नावाची. हिंदू बाया नवऱ्याचं नाव घेईनात. फॉर्मात तर तो रकाना रिकामा चालत नाही. चाची म्हणायची, “उखाण्यात घेती ना? मग घे उखाणा. न्हाई तर हात सोडत न्हाई.” मग तारामती नावाची पाळणेवाल्याची बायको लाजत लाजत उखाणा घ्यायची, भोवतालच्या बाया फिदीफिदी हसायच्या आणि उखाण्याच्या शेवटी आलेलं नाव जिक्रा रकान्यात उतरवून घ्यायची. असे दीड वर्षात तीनशे बारा फॉर्म झाले. आमच्या आठ संस्थांना जे जमलं नव्हतं ते एका बाईनं बांगड्या भरता भरता केलं.

तिच्या धंद्याचा आणखी एक नियम मला तिथं बसून कळला. चढवताना बांगडी फुटली तर तिचे पैसे बाईनं द्यायचे नसतात. जिच्या हातून फुटली तिनं दुसरी चढवून द्यायची. चाची कधी त्यावर वाद घालायची नाही. तुकडे बाजूला सारायची आणि पेटीतून दुसरी काढायची.

यादी छापून आली तेव्हा मी तिच्या नावाचं पान घेऊन गेलो. तिनं जिक्राला तीन वेळा वाचायला लावलं. चौथ्यांदा नुसतं बोट ठेवून दाखवायला सांगितलं आणि त्या जागी स्वतःचं बोट ठेवून बसली. मग म्हणाली, “आता मला गैरहजर म्हणून बघा म्हणावं.” मला भरून आलं होतं. ते खरं होतं, एवढं तरी मला कबूल करू द्या.

पुढे दोन हजार अकरा उजाडलं. लातूरची महानगरपालिका झाली आणि पहिली निवडणूक पुढच्या वर्षी उन्हाळ्यात लागणार असं ठरलं. वस्तीची तीनशे मतं आता मोजण्यासारखी होती. चाचीनं नळाचा अर्ज तयार ठेवला होता, दारात मत मागायला येईल त्याच्या हातात द्यायला.

डिसेंबरात आप्पासाहेबांनी बैठक घेतली. यादी शुद्ध करण्याच्या कामात कचेरीला मदत करायची मंचानं तयारी दाखवली होती. बोगस आणि सोडून गेलेल्यांची नावं शोधायची. त्याचबरोबर नवीन युवा मतदार नोंदवायचे, म्हणजे वसतिगृहांमधली अठरा पूर्ण झालेली पोरं. ती एका इमारतीत शंभर सापडतात, फॉर्म स्वतः भरतात, फोटो खिशात असतो. आमचा आकडा महिन्यात आभाळाला टेकला. दर दोन वर्षांनी खोली रिकामी करून जाणारी ही पोरं आम्ही ‘वंचित घटक’ या रकान्यात दाखवली.

शुद्धीकरणासाठी मी ट्यूशनचीच पोरं वस्तीत पाठवली. प्रत्येक घरी तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं असा नियम होता. पोरांची टेस्ट सिरीज चालू होती. ती एका दुपारी गेली आणि कागदावर तीन तारखा टाकून आली. त्रेसष्ट घरांपुढे लिहिलं होतं, ‘घर बंद. स्थलांतरित.’

त्रेसष्ट घरांना कुलूप होतं कारण माळेगावची जत्रा होती. मार्गशीर्ष अमावास्या आली की बहुतेक वस्ती उठून नांदेड जिल्ह्यात माळेगावला जाते. पंधरा दिवस खंडोबाच्या माळावर पाल ठोकते आणि वर्षभराची निम्मी कमाई करून परत येते. लेकरंबाळं, म्हाताऱ्या, कोंबड्या, सगळं सोबत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझं गाव माळेगावापासून तासाभरावर. लहानपणी दर वर्षी आजोबांच्या खांद्यावर बसून मी तिथले घोडे आणि उंट पाहिलेत. माझ्या आईच्या हातातल्या बांगड्या त्याच माळावर भरलेल्या असायच्या, कुणास ठाऊक, चाचीनंच भरल्या असतील. कागदावरची तारीख वाचताना माझ्या डोक्यात जत्रा येऊन गेली. अहवाल एकतीसला द्यायचा होता. मी विचार झटकला आणि त्रेसष्ट वेळा सही केली.

पुढचं सगळं नियमानं झालं. नाव कमी करायचा सात नंबरचा फॉर्म प्रत्येकासाठी भरला गेला. हरकत घ्यायला सात दिवसांची नोटीस प्रत्येक कुलपावर चिकटवली. सात दिवसांत माळावरून कोण येणार? खळ कणकेची होती, निम्म्या नोटिसा बकऱ्यांनी खाल्ल्या. नावं गेली. दोनशे अकरा.

पंचवीस जानेवारीला मतदार दिनाचा कार्यक्रम एका क्लासच्या वातानुकूलित हॉलमध्ये होता. ‘आदर्श मतदार मैत्रीण’ म्हणून सालेहाचाचीचा सत्कार ठेवला होता. जत्रेहून आलेली ती, नवीन ओढणी घेऊन स्टेजवर बसली. तिला शाल मिळाली, नारळ मिळाला. मग आप्पासाहेब बोलायला उठले आणि म्हणाले, “आपल्या मंचानं यंदा एका वस्तीतली दोनशे अकरा बोगस नावं शोधून काढली. लोकशाहीची ही खरी सेवा आहे!” हॉल टाळ्यांनी दणाणला. चाचीनंही टाळ्या वाजवल्या.

जिक्रा चौथ्या रांगेत बसली होती. तिच्या हातात अहवालाची पुस्तिका होती, प्रत्येक खुर्चीवर एक ठेवली होती. मागच्या पानांवर आम्ही अभिमानानं ती यादी छापली होती. मी तिला पानं उलटताना पाहिलं, एका पानावर थांबताना पाहिलं. ती उठली आणि पाय ओढत स्टेजपाशी आली. तोवर मतदाराची शपथ सुरू होत होती आणि सगळे हात पुढे करून उभे होते. ती खालूनच म्हणाली, “अम्मी, हात खाली कर. तुझं नाव काढून टाकलंय यांनी. माझं बी. तारामतीमावशीचं बी.”

चाचीनं आधी माझ्याकडे पाहिलं, कारण यादीचं पान तिला दाखवायला मीच गेलो होतो. “वैजनाथ, काय म्हणून राहिली पोरगी?”

मी म्हणालो, “चाची, कार्यक्रमानंतर बघू.”

“कामून काढलं?”

आप्पासाहेब माइकवर हात ठेवून पुटपुटले, “बाई, तांत्रिक बाब असते. घरं बंद होती म्हणून...”

“जत्रा होती!” ती ओरडली. इतक्या वर्षांत मी तिचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला. “गावाला ठावं हाय, पोलिसाला ठावं हाय, कुत्र्यामांजराला ठावं हाय आमी कुठं असतो ते. कोण आलं होतं बघायला? सही कुणाची हाय?”

जिक्रानं पुस्तिकेत पाहिलं आणि सांगितलं नाही. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि ते पुरेसं होतं. चाचीनं शाल काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली. नारळ शालीवर ठेवला. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वाटलं, मारेल. मारायला हवं होतं. ती म्हणाली, “त्या साबाला मी वळखत न्हवते रे. तुला तर वळखत होते.”

नंतर मी धावपळ केली, ती मोठेपणानं सांगण्यासारखी नाही. आप्पासाहेबांना म्हणालो, वस्तीत पुन्हा शिबिर घेऊ. ते म्हणाले, त्या टप्प्याचा निधी संपला, आता युवा टप्पा चालू आहे. बाकीच्या सात संस्थांनी हात झटकले. मी एकट्यानं घरोघर जाऊन दोनशे अकरा फॉर्म पुन्हा भरले. चाचीच्या घरी गेलो तेव्हा तिनं चहा विचारला नाही. म्हणाली, “आमच्यात ज्याच्या हातून फुटती त्यानं तुकडे सुदिक उचलायचे असतात. उचल.” मी भरले आणि कचेरीत नेऊन दिले. पण पालिकेच्या निवडणुकीला ठरलेल्या तारखेची यादी धरतात आणि ती तारीख उलटून गेली होती. नावं येणार होती, पण निवडणुकीनंतर. म्हणजे पुढच्या मताला पाच वर्षं.

मी नोकरी सोडली नाही. विचाराल म्हणून आधीच सांगतो.

मतदानाच्या दिवशी वस्तीजवळच्या शाळेबाहेर मंचाचं मदत केंद्र होतं. मतदारयादी घेऊन टेबलाशी मीच बसलो होतो. सकाळपासून शुकशुकाट. यादीत वसतिगृहाची साडेतीनशे पोरं होती. बारावीची परीक्षा देऊन निम्मी गावी गेली होती, उरलेली क्रॅश कोर्सला कोंडून घेतलेली. माझ्या टेबलापर्यंत पाच आली.

दहाच्या सुमाराला गल्लीतून सालेहाचाची आली. तिच्या मागे जिक्रा, तिच्या मागे तारामती, आणि तिच्या मागे वस्ती. पुरुष, म्हाताऱ्या, काठी टेकत आलेले, कडेवर पोर घेतलेल्या. सगळ्यांनी ठेवणीतले कपडे घातले होते, बायांच्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. चाची टेबलासमोर उभी राहिली आणि तिनं ओळखपत्र ठेवलं.

“माझं नाव बघ.”

मी हळूच म्हणालो, “चाची, न्हाई हाय. तुमाला ठावं हाय ना.”

“बघ म्हन्ते.”

मी पानं उलटली. बोट वरून खाली नेलं. “न्हाई.”

“मोठ्यानं बोल. मागच्यांना ऐकू जाऊ दे.”

“सालेहाबी वाजिद मणियार. नाव नाही.”

ती बाजूला झाली. जिक्रानं कार्ड ठेवलं. मी शोधलं, मोठ्यानं म्हणालो. मग तारामती. तिनं नवऱ्याचं नाव स्वतःच्या तोंडानं, उखाण्याशिवाय, भर रस्त्यावर घेतलं आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिली. नाव नाही. ऊन डोक्यावर आलं. पोलीस येऊन बघून गेला, रांगेला हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. कुणी शिवी दिली नाही, कुणी टेबल उलटं केलं नाही. मी दोनशे अकरा वेळा पानं उलटली आणि दोनशे अकरा वेळा म्हणालो. घसा बसला तेव्हा जिक्रानं पेल्यातून पाणी दिलं, वस्तीच्या नळाचं, आणि मी ते प्यायलो.

शेवटचा म्हातारा गेला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. मला वाटलं, संपलं. चाची पुन्हा टेबलापुढे आली.

“आता तुझं नाव बघ.”

माझी खोली त्याच वॉर्डात, वसतिगृहाच्या गल्लीत होती. युवा टप्प्यात माझंही नाव आम्हीच घातलं होतं. मला पान शोधावं लागलं नाही. अनुक्रमांक सहाशे चार.

“हाय,” मी म्हणालो.

“मोठ्यानं बोल.”